टबात ठेवलेली अक्का

धारवाड,
९ मार्च २००३

ती. अक्काच्या पायाशी दत्तूचा नमस्कार. (साष्टांग घालतो असं लिहिणार होतो, पण माझे गुडघे तुला ठाऊक आहेत, खोटं कशाला लिहू.) इकडं आम्ही सगळे खुशाल. तुझा रक्तदाब, भावजींचा खोकला आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू यांपैकी सध्या कोण जास्त त्रास देतंय ते कळव. परवा आपल्या धाकट्या शेषगिरीच्या मुलाच्या मुंजीत तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि काल फोनवर "भार्गवीच्या लग्नाचं आमंत्रण तुझ्या माशाला दे, मी यायची नाही" एवढंच म्हणून फोन ठेवलास. माझ्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नात तिची सख्खी आत्या नाही, हे मला सोसायचं नाही. म्हणून सगळं खरं खरं लिहितो. पत्र फाडायचं असेल तर पूर्ण वाचून फाड.

तालुका कचेरीतून निवृत्त झाल्यावर मी हेमावतीच्या मागं मागं स्वयंपाकघरात फिरू लागलो आणि डबे कुठं ठेवावेत याबद्दल तिला सूचना देऊ लागलो. महिन्याभरात आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की माझ्या तब्येतीला मासे बघत बसणं चांगलं. (हे त्यांच्याकडून कुणी वदवून घेतलं, याचा मी शोध घेतलेला नाही.) हुबळीला जाऊन काचेची मोठी पेटी आणि सहा डिस्कस मासे घेऊन आलो. ताटलीसारखे गोल, चपटे, रंगीत, आणि नखरे जावयाचे. पाणी कायम कोमट हवं, सारखं बदलायला हवं, आणि खायला गोठवलेल्या अळ्या. आपल्या घरात चातुर्मासात कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही, तिथं फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात अळ्या येऊन बसल्या. हेमावती त्या दिवसापासून सरबतात बर्फ घालायची बंद झाली. दुकानदारानं सांगितलं होतं, "भाळ शांत अदाव री सर, लई शांत, अगदी ध्यानाला बसल्यागत."

हे ध्यान चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी सगळ्यांत मोठ्या माशानं कारभार हाती घेतला. खायला पहिला मान त्याचा, कुणी कुठं थांबायचं ते तो ठरवणार, आणि जागा सोडून कुणी पुढं आलं की डोक्यानं ढकलून परत पाठवणार. भार्गवी म्हणाली, ही तर आपली अक्का. (नाव तिनं ठेवलं, लहान आहे, मनावर घेऊ नकोस. हीटरच्या मागं दडून बसणारा जो मासा आहे त्याचं नाव दत्तू आहे, हेही ध्यानात घे.) मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, आतली लाकडं आणि दगड हलवा, म्हणजे आपली जागा कुठली ते विसरतात. हलवले. बाकीचे पाच विसरले. मग म्हणाला, दोन कोपऱ्यांत खायला टाका. टाकलं, तर दोन्ही कोपऱ्यांत ही हजर. शेवटी म्हणाला, पंधरा दिवस वेगळी ठेवा, परत सोडलीत की तोरा उतरलेला असेल. म्हणून न्हाणीघरात मोठ्या टबात, हीटर आणि हवेचा पंप लावून, तिची व्यवस्था केली. त्याच दिवशी शेषगिरीच्या इंदुमतीचा फोन आला आणि हेमावती जावेला सहज म्हणाली, "अक्कांना टबात ठेवलंय, आता घरात शांतता आहे." इंदुमतीनं हे वाक्य मुंजीच्या पंगतीपर्यंत जपून ठेवलं आणि तुझ्या पानात वाढलं.

आता पुढचं ऐक, हे इंदुमतीला माहीत नाही. शांतता दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरचा मासा अक्का व्हायला निघाला, आणि त्याला बघून तिसऱ्या नंबरचा. अक्का नुसती ढकलायची. हे एकमेकांचे पंख फाडू लागले. पाचव्या दिवशी अन्नाला कुणी तोंड लावेना. घाबरून मी तिला टबातून काढून परत पेटीत सोडली. तिनं एक चक्कर मारली, दोघांना जागेवर पाठवलं, आणि संध्याकाळी सहाही जण जेवले.

घरातही तेच चाललंय, अक्का. आचारी हुबळीचा की धारवाडचा यावरून शेषगिरी आणि मी आठ दिवस बोलत नाही. मानाच्या साड्यांवरून हेमावती आणि इंदुमतीचं बिनसलंय. व्याह्यांचा फोन आला की सगळे एकमेकांकडं बघतात. तू असतीस तर आम्ही चौघं तुझ्यावर चिडलो असतो आणि कामं झाली असती. तुझ्यावाचून मला सुचत नाही, हे एकसष्टाव्या वर्षी लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

भावजींना नमस्कार सांग.

तुझा,
दत्तू

ता.क. भार्गवीवर रागावू नकोस. नाव मीच ठेवलं होतं.

ता.क. दुसरा: लग्न अकरा मेला आहे. आदल्या दिवशी पाहुण्यासारखी येऊ नकोस. एप्रिलमध्येच राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं ये. मी स्टेशनवर उभा असेन.

ता.क. तिसरा, हेमावतीचा: वन्सं, नमस्कार. पत्र टपालात टाकायला माझ्याकडं दिलंय म्हणून चार ओळी. तीस वर्षं तुम्ही माझ्या आमटीला नावं ठेवत आलात आणि मी तीस वर्षं मनात चरफडत आले. परवा आमटी केली, सगळ्यांनी चांगली झाली म्हणून गपचूप खाल्ली. मला मात्र ती घशाखाली उतरेना. काहीतरी कमी आहे, काय ते कळत नाही. लवकर या.