नऊ शब्दांची मेंढी

११ फेब्रुवारी १९३९, कुरुंदा. सकाळ.
पुण्याच्या एका मासिकानं लघुतम गोष्टींची स्पर्धा काढली आहे. मर्यादा शंभर शब्द. बक्षीस फौंटन पेन, शिवाय नाव छापून. शंभर शब्द तर तंबाखू मळता मळता होतील! मुदत एकतीस मार्च. रोज एक लिहायची. एकोणपन्नास होतील, त्यातली बेस्ट पाठवू.

१२ फेब्रुवारी
टेबल हलतं. हलत्या टेबलावर आर्ट होत नाही. आज सुट्टी.

१९ फेब्रुवारी
टेबलाला पाचर मारली. आता खुर्ची उंच वाटते. मोठे लेखक घाई करत नसतात. आठवड्याला एक पुरे.

२ मार्च
शेतात हळद शिजवणं सुरू. मंजुळा म्हणाली, कढईपाशी घरचं माणूस पाहिजे, तुमी काहून बसत न्हाई? बायकोचा मान राखला. वाफेनं कागद भिजला. लेखन तहकूब.

९ मार्च, दुपार.
झाली! रानात खतासाठी मसाजी धनगराची मेंढरं बसवली आहेत. त्यांच्याकडे बघता बघता सुचली.
‘संध्याकाळी त्यानं मेंढरं मोजली. एक कमी. तो माळाकडे वळला.’
बस्स. नऊ शब्द. एक्याण्णव वाचवले! शेवट मुद्दाम उघडा ठेवला आहे. हे नवं टेक्निक. पुण्यातही फार जणांना जमत नसेल.

१० मार्च
मंजुळेला वाचून दाखवली. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. तिनं मांडी घातली, पदर सावरला, पहिला ‘हूं’ म्हणायला तोंड उघडलं, तोवर गोष्ट संपली. मग म्हणाली, अन् पुढं?
परिणाम जबरदस्त.

१२ मार्च
मसाजीला वाचून दाखवली. त्याला ती बातमीच वाटली. कोणाची मेंढी, गाभण व्हती का, कानाची खूण कोणती, कुत्रं संगं नेलं का. अरे बाबा, गोष्ट आहे, खोटी आहे, असं सांगितलं. तर म्हणतो, तातेराव मालक, खोटी असली तरी मेंढीच हाये की. तिला माळावर सोडून तुमी जेवले कसे?
अशिक्षित माणूस. पण रात्री भाकरी कमीच गेली.

१५ मार्च
कढईवरच्या बाया आल्या आल्या विचारतात, मेंढी घावली का? गोजरबाई म्हणाली, लांडग्यानं नेली असंल, आणि डोळ्याला पदर लावला. या चर्चेत एक कढई जास्त शिजली. दोष माझ्यावर आला. सामान्य वाचकाला शेवट लागतोच. मी झुकणार नाही.

१८ मार्च
झुकलो नाही. केवळ प्रयोग म्हणून मेंढी सापडवून पाहिली. बाभळीखाली सापडली, तर मसाजी म्हणतो, तिथं चारा न्हाई, मेंढी कशाला जाईल? ओढ्यात सापडली, तर ओढा कोरडा. चौदा पानं झाली, मेंढी बेपत्ता. सगळी फाडली. मूळ नऊच शब्द जाणार.

२० मार्च
पाठवली. पेनासाठी कोटाला वरचा खिसा शिवायला दिला. मसाजी कळप घेऊन पुढच्या गावी गेला. जाताना निरोपही घेतला नाही.

२४ एप्रिल
पुण्याहून कार्ड आलं. गोष्ट स्वीकारता येत नाही, क्षमस्व. त्याखाली एडिटरनं स्वतःच्या हातानं लिहिलं आहे, मेंढी सापडली की नाही ते कृपया उलट टपाली कळवावे, कचेरीत दोन तट पडले आहेत.
फार वाईट वाटलं. तरी उत्तर लिहायला बसलो. दौत तासभर उघडी. शाई वाळली, शब्द एक नाही. स्वतःशी खोटं कशाला बोलू? शेवट उघडा वगैरे काही नव्हता. मेंढीचं काय झालं ते मलाच माहीत नाही.
मसाजीचा कळप सध्या जवळा बाजाराकडे आहे म्हणतात. सकाळी निघतो आणि त्याला विचारून येतो.