स्वयंपाकघरातली जाळी

नॉटिंगहॅम,
२० ऑक्टोबर २००५

ती. आईंना सौ. सुचेताचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? इकडे थंडी पडायला लागली. वरदा बरी आहे, कालपासून शाळेत जाते. आम्ही दोघी माझ्या मैत्रिणीकडे, शिल्पाकडे राहतोय. घरचा बॉयलर गॅसवाल्याने बंद करून ठेवलाय म्हणून, असं यतीनने तुम्हाला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे.

त्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणालात, "सुचेता, हवेची जाळी कोणी बुजवतं का? इतका हलगर्जीपणा!" मी गप्प बसले. यतीन शेजारीच उभा होता, तोही गप्प बसला. तेव्हापासून मला त्याच्याकडे बघवत नाही.

आई, जाळी मी बुजवली नाही. आमचा बॉयलर जुन्या पद्धतीचा, जळायला लागणारी हवा स्वयंपाकघरातूनच ओढणारा. म्हणून भिंतीत ती जाळी, आणि खाली 'बंद करू नये' अशी पाटी. देव्हारा नेमका तिच्यासमोर. घटस्थापनेच्या दुसऱ्याच दिवशी वाऱ्याने नंदादीप विझला. हो, विझला. तुमच्या डॉक्टर मुलाने काडी ओढून तो परत लावला, तुम्हाला फोनवर 'अखंड तेवतोय' सांगितलं आणि तुमच्या जुन्या इरकलीचा बोळा करून जाळीत कोंबला. मी तो काढला, त्याने परत कोंबला. पाटी दाखवली तर म्हणाला, "अगं, हे लोक कशालाही नोटीस लावतात. दसऱ्यापर्यंतच तर आहे!"

मग वरदाचं डोकं दुखायला लागलं. शाळेत ठणठणीत, घरी आली की उलट्या. "व्हायरल आहे, पॅरासिटमॉल दे," हा म्हणे. अष्टमीला पोर स्वयंपाकघरातच कोसळली. बॉयलरचा विषारी वायू तिच्या रक्तात भिनला होता. ती हॉस्पिटलात ऑक्सिजनवर, आणि हा बाहेर आपल्या सहकाऱ्याला सांगत होता, "द वाइफ ब्लॉक्ड इट. रिलिजस रीझन्स, यू नो."

शिसारी आली मला त्या सफाईदार इंग्रजीची. अजून येते.

आता म्हणतो, पुन्हा तसलाच बॉयलर बसवू, पाइप बदलायला नकोत, जाळी उघडी ठेवीन, शपथ. त्याच्या शपथेवर माझ्या पोरीने श्वास घ्यायचा? मी बंदिस्त पेटीचा निवडलाय. तो आपल्या नळीने बाहेरची हवा घेतो, धूरही बाहेरच टाकतो, घरातल्या हवेशी त्याचा संबंध नाही. तो भिंतीवर लागेपर्यंत, आणि यतीन स्वतःच्या तोंडाने तुम्हाला खरं सांगेपर्यंत, आम्ही दोघी त्या घरात पाऊल टाकणार नाही.

देवीने तारलं म्हणून तुम्ही तिला चांदीचे डोळे वाहणार आहात असं कळलं. जरूर वाहा. पण नंदादीप विझला तर काडी ओढून परत लावता येतो, आई. तुमच्या मुलाने लावलाच होता.

वरदाची आई, आणि मग तुमची सून,
सुचेता