वाकणाऱ्या फ्रेमा आणि तुमच्या दादांचा शब्द

आरमोरी,
गुरुवार, धानाची रोवणी आटोपली त्याच्या दुसऱ्या दिवशी

चि. अश्वजित भाऊजी यांस अंजना वहिनीचा सप्रेम जय भीम.

तुम्ही, रिना आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालते. तुमचा गुडघा आता बरा आहे असं रिना फोनवर म्हणाली, पण म्हणण्याआधी जरा थांबली, म्हणून माझा अर्धाच विश्वास बसला आहे. माझी तब्येत ठीक. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही ‘हो वहिनी, हो वहिनी’ करता आणि मागे टीव्हीतली माणसं भांडत असतात. कागद शेवटपर्यंत वाचावा लागतो.

तुम्ही ऊर्जानगरहून बसच्या कंडक्टरकडे दिलेला, आपल्या चष्म्याच्या दुकानात लावायचा बोर्ड पोचला. ‘वॉरंटी संपल्यानंतर कोणतीही तक्रार ऐकली जाणार नाही.’ अक्षर लाल, ठळक, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल असं (म्हणजे ज्याला वाचता येतं त्याला चष्म्याची गरजच नाही, पण ते असो). सोबत गिऱ्हाइकाशी कसं वागावं याचे सात नियमही पाठवलेत. पहिला, हसून स्वागत करा. दुसरा, त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या. तिसरा, कार्ड मागा. मी सगळे पाळले. घोटाळा दुसऱ्या नियमात झाला.

आधी फ्रेमांचं सांगते, कारण तुम्ही दुकानात बसलात ते चहापुरतेच. तुमच्या दादांनी नागपुरातून ती वाकणारी फ्रेम आणली, तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की ते चष्म्याची काडी बोटाभोवती गुंडाळायचे आणि सोडून द्यायचे. काडी सरळ व्हायची आणि समोरचा माणूस नंबर काढायच्या आधीच खिशात हात घालायचा. त्या फ्रेमेसोबत जे कार्ड येतं, त्यावरचं बारीक अक्षर आरमोरीत बहुधा मी एकटीनेच वाचलं असेल. (मी वाचायला दुकानातल्या डोळे तपासायच्या तक्त्यावरून शिकले हे तुम्हाला माहीत आहे. मला मोठी अक्षरं आधी आली, बारीक शेवटी. बारीक अक्षरात कोणीतरी काहीतरी लपवलेलं असतं हा माझा संशय तेव्हापासूनचा.) कार्डावर लिहिलं आहे की हमी एक वर्ष, मात्र फ्रेम मुद्दाम वाकवल्यास हमी नाही. म्हणजे जे करून दाखवून आपण विकली, तेच घेणाऱ्याने घरी करायचं नाही. मी हे तुमच्या दादांना वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, “बारीक अक्षर वाचाले चष्मा लागते, आन् चष्मा तं आपनच देतो.” याला काही उत्तर म्हणता येत नाही.

त्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं. म्हणजे त्यांच्या हातून गेलेली एकही फ्रेम आता हमीत उरलेली नाही. आणि नेमक्या आताच त्या एकामागून एक तुटू लागल्या आहेत, ठरवून केल्यासारख्या. मला आधी कंपनीचा संशय आला, मग गिऱ्हाइकांचा, आणि खरं लिहिते, शेवटी तुमच्या दादांचा. सगळ्यांना बदलून देत बसले तर धान कापणीपर्यंत कपाट रिकामं होईल आणि दुकान बंद करावं लागेल, हे तुमचं म्हणणं मला पटतं. मी काही वेडी नाही.

पहिली आली बाजारात भाजी विकणारी शकुबाई. तिची फ्रेम मधोमध तुटली होती आणि सगळीकडून चमकत होती. हात लावला तर जवसाचं तेल. मी विचारलं, “काऊन वं, चष्म्याले तेल?” तर म्हणाली, “खुशालभाऊच म्हनला, रोज दहा खेप वाकवत जा शकुबाई, म्हंजे नरम राह्यते. तेल माह्या मनानं लावलं.” रोज दहा वेळा? “पाहुने आले का पंधरा.” आता दादा चेहऱ्यावरची रेष न हलवता थट्टा करायचे हे तुम्ही जाणता. ती बाई दीड वर्ष त्यांची थट्टा मनोभावे पाळत होती. फ्रेम तुटली याचं नवल नाही, टिकली कशी याचं आहे. तिसऱ्या नियमाप्रमाणे मी कार्ड मागितलं. तिने ते तंबाखूच्या पिशवीतून काढलं, तेही तेलात भिजलेलं, तारीख गेलेली. वर म्हणाली, “तारखेचं मले नाई समजत. तो म्हनला होता, मी हाव तोवर फिकर नोको करू.”

मी तिची फ्रेम ठेवून घेतली. पण त्याच आठवड्यात आणखी तिघे आले आणि तेच बोलले, मी आहे तोवर. मला वाटलं, बाजारात कोणीतरी शिकवणी चालू केली आहे.

मग एक निवृत्त तलाठी आले. नाव लिहीत नाही, त्यांची सून आपल्याकडूनच चष्मे करून घेते. ते म्हणाले, तुमच्या मालकांनी मला ‘साहेब, ही तुम्हाला लाइफटाइम गॅरंटी’ असं सांगितलं होतं. यात दोन चुका झाल्या. एक, तुमचे दादा आपल्या दुकानात बसून कोणालाही साहेब म्हणत नसत. (तहसिलीत उभं राहूनही म्हणत नसत, त्यामुळे आपली कामं उशिरा व्हायची.) दुसरी, ते प्रत्येक फ्रेमेच्या उजव्या काडीला आतून सुईने तारीख कोरायचे आणि हिच्यावर ओरखडादेखील नव्हता. मी फक्त एवढंच विचारलं की घेतली कुठून? तेव्हा त्यांना आठवलं की मुलाने पुण्याहून पाठवली असावी. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. पण एकाचं खोटं असं सहज ओळखू आलं म्हणजे ज्यांचं ओळखू येत नाही त्यांचं खरं असणार, हे संध्याकाळी लक्षात आलं आणि मग तितकं बरं वाटलं नाही.

आता वहाबभाई. समोरचे टेलर, तुमच्या दादांसोबत तीस वर्षं चहा प्यायलेले. त्यांच्या चष्म्याची काडी दोन महिन्यांपासून मशीनच्या दोऱ्याने बांधलेली मी इकडून पाहत होते. सगळं गाव तक्रार घेऊन येतं आणि हेच येत नाहीत, म्हटल्यावर मला संशय आलाच. मी रस्ता ओलांडून गेले. (गिऱ्हाइकाच्या मागे जाऊ नये, हा तुमचा सातवा नियम. तो तेव्हा आठवला नाही.) विचारलं, तुम्हाला ते काय म्हणाले होते? वहाबभाईंनी मशीन थांबवली नाही. “म्हनले होते, वहाब, मी हाव तोवर हा चष्मा माह्या जिम्म्यावर. आता बात खतम झाली ना भाभी. ते होते तोवर होतं. मी कायले येऊ?”

भाऊजी, हा मुद्दा तुमच्या बोर्डापेक्षा पक्का आहे. कार्ड नको, तारीख नको, नियम नकोत. जो येईल त्याला एवढंच म्हणायचं, ते आता नाहीत. दुकान वाचतं आणि त्यांचा शब्दही मोडत नाही. हे वाक्य मी याआधी म्हटलं आहे, बँकेत म्हटलं, ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीत म्हटलं, रेशनच्या कार्डावरून नाव कमी करताना म्हटलं. पण त्यांच्याच खुर्चीत बसून, त्यांनीच विकलेली फ्रेम हातात घेऊन ते मला म्हणता येत नाही. तोंड उघडते आणि ‘बसा, पाणी घ्या’ असं निघतं.

मग मी वहाबभाईंशीच भांडले. बात संपली हे तुम्ही परस्पर कसं ठरवलं, तुम्हाला विचारलं कोणी? ते म्हणाले, “भाभी, तुमी दुकानदार हाव का गिऱ्हाईक?” मी त्यांच्या नाकावरून चष्मा काढला आणि घेऊन आले. रागात हे विसरले की मशीनखाली आपल्या गल्लीतल्या पुनमचा लग्नाचा ब्लाउज होता. त्यांनी तो बिनचष्म्याने पुरा केला आणि एक बाही उलटी बसली. आता पुनमची आई तक्रार घेऊन माझ्याकडे येते. तुमच्या नियमांत ब्लाउजचं काही नाही.

सध्या मी असं करते. नवी फ्रेम कोणाला बदलून देत नाही. तुटलेल्या दोन फ्रेमांची एक करते, एकीची काडी दुसरीला. तुम्हाला आरमोरीच्या बाजारात एक काडी निळी आणि एक तपकिरी अशी माणसं दिसली तर ती आपली समजा. लोकांनी तोंड वाकडं केलं, पण घेऊन गेले. मात्र आधी प्रत्येकाने दादा काय म्हणाले ते सांगायचं. मी ते कोऱ्या वहीत लिहून घेते, पुरावा म्हणून. काहींना दोनदा सांगायला लावते, कारण खोटं असेल तर दुसऱ्या वेळी बदलतं. वहाबभाईंना तीनदा सांगायला लावलं. शकुबाईला चष्मा दिला तेव्हा तिने विचारलं, हा आता कितीक दिवस चालंल? त्यावर माझ्या तोंडून काय निघालं ते इथे लिहीत नाही, तुम्ही रागवाल.

रिनाला आठवण सांगा, मुलांच्या पाठीवरून माझा हात फिरवा, गुडघ्याला शेक द्या.

तुमची,
अंजना वहिनी

ता. क. बोर्ड वाया गेलेला नाही. मागच्या खोलीत कौलातून पाणी येतं तिथे आडवा लावला आहे. चांगला जाड आहे.

आणखी ता. क. रविवारी तुम्ही मला समजवायला येणार असल्याचं कळलं. अवश्य या. सकाळी या, दुपारी गर्दी असते.

शेवटचं ता. क. मागच्या महिन्यात आलात तेव्हा तुम्ही पेपर हात लांब करून वाचत होतात आणि उजेड कमी आहे म्हणालात. उजेड भरपूर होता. तुम्हालाही दादांनी ती वाकणारी फ्रेम दिली होती. ती तुटली आहे आणि बोर्ड पाठवून बसल्यामुळे तुम्हाला आणता येत नाही, असा माझा संशय आहे. घेऊन या, एक तपकिरी काडी ठेवली आहे. पण दुसरा नियम तुम्हालाही लागू. त्यांनी ती तुमच्या नाकावर बसवली तेव्हा मी आत चहा करत होते. ते काहीतरी म्हणाले आणि तुम्ही दोघं हसलात, मला ऐकू आलं नाही. ते काय म्हणाले, ते कागदावर लिहून आणा. चांगलं दिसावं म्हणून एक शब्दही बदलू नका. मला कळेल.