उखळावरचे दोन ससे

सौंसर, सोमवार, १७ नोव्हेंबर १९८६

आज घडलेलं, क्रमाने:
१. नागपूरहून सकाळच्या बसने आले. ट्रंक टपावरून उतरवताना एक कोपरा चेपला. आतलं वीज मोजायचं मीटर शाबूत.
२. टेलिफोन एक्सचेंजमध्ये टेक्निशियन म्हणून रुजू झाले. इनचार्ज श्रीधर साहेबांनी चहा पाजला. वायरिंग नीटनेटकं आहे.
३. लीलाबाईंकडे खोली मिळाली. खिडकी अंगणात उघडते, उजेड भरपूर.
४. बसस्टँडवर घेतलेली संत्री संध्याकाळपर्यंत संपली.

पहिली नोकरी, स्वतःची किल्ली. फार दिवसांनी शिट्टी वाजवली, मग कुणी ऐकलं नाही ना ते पाहिलं.

घरात लीलाबाई आणि त्यांची सून प्रतिभा, दोघीच. मुलगा हेमंत मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे, वर्षातून एकदा येतो. माझं काम ऐकून लीलाबाई म्हणाल्या, "खांबावर चढनारी बाई पाहाची राह्यली होती, तेबी झालं." मी खांबावर चढत नाही.

२० नोव्हेंबर

मोहगावपर्यंत कुठेही लग्न असलं की हळद या अंगणातून जाते. जमिनीत पुरलेलं दगडी उखळ आहे. लीलाबाई उभ्याने मुसळ घालतात. प्रतिभा समोर बसते आणि मुसळ वर गेलं की हात आत घालून हळकुंडं खालीवर करते. एक घाव, एक हात. दोघी एकमेकींकडे बघत नाहीत.

ओट्यावर एक जपानी खेळ ठेवलेला असतो, सिगारेटच्या पाकिटाएवढा. हेमंतने बायकोसाठी आणला. करड्या काचेवर दोन ससे आणि एक उखळ. एक ससा कांडतो, दुसरा मधल्या वेळात पंजा घालून आतलं उलथतो. प्रत्येक घावाला टिक् असा आवाज. पंजा आपण बटणाने घालायचा. वेळ चुकली की पंजाला पट्टी बांधलेली दिसते आणि कांडणारा ससा पोट धरून हसतो. बटण न दाबता ठेवलं तर ससे आपले आपणच कांडत राहतात. जपानात हे गमतीचं वाटत असावं. मी दोन डाव खेळले. वाईट नाही.

२४ नोव्हेंबर

प्रतिभाने सांगितलं की लीलाबाई आधी या खेळाला नाकं मुरडत. मग त्यांना दिसलं की सशाची चाल आणि आपल्या मुसळाची चाल एकच आहे. तेव्हापासून त्यांनी सुनेला रोज दुपारी यावर हात बसवायला लावला. आता कांडताना खेळ ओट्यावर चालूच असतो.

आज खिडकीतून पाहिलं. खेळाचा वेग आपोआप वाढत जातो. मुसळाचाही वाढला. लीलाबाईंचे डोळे मिटलेले होते.

२६ नोव्हेंबर

प्रतिभा खोलीत आली. उजव्या हाताची दोन नखं निळी. आत्याबाई (सासूला ती असंच म्हणते) आता खेळाच्या चालीमागे जातात, असं ती म्हणाली. बसायला नकार का देत नाहीस, असं मी विचारलं. तिचं म्हणणं, ती बसते कुठे, हात जातो.

हे मला पटलं नाही. मला दुसऱ्यांच्या घरात पडायची सवयही नाही. पण वेग ही दुरुस्त करण्यासारखी गोष्ट आहे. खेळ उघडला. ठोक्याची गती ज्यावर ठरते तो रेझिस्टर बदलला. आता चाल निम्म्याने संथ, आणि वाढतही नाही. उपकार नव्हे, दुरुस्ती. लीलाबाईंना सांगू नको, असं तिला बजावलं.

२८ नोव्हेंबर

दुपारी जेवायला आले होते. अंगणात कांडण चालू होतं. टिक् संथ. मुसळही संथ: वर गेलं, थांबलं, खाली आलं. प्रतिभाचा हात मात्र जुन्या चालीने गेला. वर्षभर बसवलेला हात.

तीन बोटं.

लीलाबाई थांबल्या नाहीत. प्रतिभा किंचाळत असताना आणखी घाव पडत होते. मी धावत जाऊन मुसळ धरलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. प्रतिभाला जीपने नागपूरला नेलं. परत आले तर लीलाबाई वरची हळद काढून टाकून खालची चाळत बसल्या होत्या.

३० नोव्हेंबर

लीलाबाई दारात आल्या. प्रतिभाने दवाखान्यात त्यांना सगळं सांगितलं होतं. आरडाओरडा नाही. एवढंच म्हणाल्या:

"चाल तू बिघडवली. आता तिच्या जागी तू बस."

मी खेळ उचलून आणला आणि त्यातले सेल काढले.

टिक् बंद झालं नाही. सेलच्या जागेच्या टोकांना मीटर लावलं, शून्य. काचेवर कांडणारा ससा आहे. दुसऱ्याची जागा रिकामी.

२ डिसेंबर

एक्सचेंजमध्ये तारेला सोल्डरिंगचा डाग देताना उजवा हात पुढे जाऊन मागे आला. पुन्हा. संथ चाल, मी बसवलेली. श्रीधर साहेबांनी विचारलं, मॅडम, माशा हाकलून राहिल्या का. सगळे हसले. मीही.

तळहातावर तापलेल्या डागणीचा चटका.

३ डिसेंबर

कुणाला न सांगता नागपूरच्या बसमध्ये बसले. दार उघडलं की हात चौकटीत जायचा. दार बंद व्हायच्या आत बाहेर. कंडक्टर आधी ओरडला. मग घाबरला. त्याने गाडी थांबवून मला उतरवलं.

जिथे काही उघडतं किंवा वर उचललं जातं, तिथे हात जातो. हात मागे ओढून बघितला, माझाच खांदा दुखावला.

चालत परतले. लीलाबाईंनी उखळापुढे पाट मांडून ठेवला होता.

४ डिसेंबर

खेळ दगडाने फोडला. तुकडे वेगवेगळे फेकले. टिक् —

लीलाबाई अंगणात कांडताहेत. उखळ रिकामं आहे. सवय करून राहिली, म्हणतात. तेराला रामाकोना गावातल्या लग्नाची हळद आहे —

हात खाटेला बांधला.

५ डिसेंबर

डाव्या हाताने. हे पान फाडून हेमंतच्या कंपनीच्या पत्त्यावर —

हेमंतराव, खेळ तुम्ही आणला. तो फुटला आहे, पण थांबला नाही. तुमच्या बायकोची बोटं गेली, ती माझ्या दुरुस्तीमुळे. माझा हात मला हवा आहे. माझं सगळं काम त्याच्यावर —

गाठ सैल —

थांबवायचं कसं, ते १२ डिसेंबरपर्यंत कृपया कळवा. मुसळ वर गेलं आहे आणि मी खोलीत नाही, मी पाटावर —