नव्या भाताचा घास

बाई,

गेल्या सोमवारपासून आमच्या कॅन्टीनमध्ये नवा इंद्रायणी तांदूळ शिजू लागला आणि मी एका मुलीवर ओरडता ओरडता थांबले, म्हणून हे लिहायला बसले आहे. चाकणच्या एका कंपनीचं कॅन्टीन मी सांभाळते, राहते भोसरीला. ताटात टाकलेलं अन्न मला खपत नाही, ही खोड तुमचीच. ती मुलगी असेंब्लीवर नवीन लागलेली, भीमाशंकरच्या बाजूची. वाढणारी भाताकडे वळली की ती ताट मागे घ्यायची. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच वाढायला उभी राहिले आणि विचारलंच, आमचा भात गोड लागत नाही का गं? ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, गावाकडं अजून नवं झालं न्हाई." माझ्या हातातला डाव तसाच राहिला. नवीन पीक आधी वाडीच्या देवाला दाखवायचं, मग माणसांनी तोंडात घालायचं, हे शेजारी उभ्या आचाऱ्याला काय ठाऊक. तो म्हणाला, नाटकं आहेत. मी त्याला जुन्या तांदळाचा वाटीभर भात वेगळा लावायला सांगितलं.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. घाटाखालची ती मिशनची शाळा, पत्र्याचं छप्पर, दोन वर्ग आणि मागे बोर्डिंगच्या मुलींची चूल. शाळा काढली एका परदेशी मॅडमनी. आंब्याखाली गूळ-शेंगदाणे घेऊन बसायच्या आणि डोंगरातल्या पोरी गोळा करायच्या, असं म्हातारी माणसं सांगत. त्या गेल्या आणि तुम्ही आलात. तुम्ही नगरकडच्या, मिशनच्याच बोर्डिंगात वाढलेल्या. तुमची आजी दुष्काळात पोरं काखोटीला मारून मिशनच्या दारात आली होती आणि तिथेच राहिली, हे तुम्ही भाकऱ्या थापताना आम्हाला सहज सांगितलं होतंत. आमच्या वाडीला मात्र ते सहज वाटत नसे. मिशनच्या शाळेत पोर घातली की ती बाटते, असंच सगळे म्हणत. माझ्या बाबांनी मला घातलं ते एका अटीवर, आमच्या देवाधर्मात हात घालायचा नाही. तुम्ही शब्द दिलात आणि पाळलात. पहाटेच्या प्रार्थनेला आम्ही वाडीच्या मुली अंगण झाडायचो, आणि तुम्ही एकदाही आत या म्हणाला नाहीत.

मी चौथीत होते. आत्या आली म्हणून दोन दिवस घरी जाऊन मी आदल्याच दिवशी परतले होते. खालच्या गावातल्या कुणीतरी बोर्डिंगला नव्या तांदळाचं पोतं दिलं. वर डोंगरात आमची कापणी अजून चालू होती. तुम्ही स्वतः भात केलात, वर तूप वाढलंत. त्या वासाने भूक आणखीच खवळली होती. आम्ही वाडीच्या सात जणी हात मांडीवर ठेवून बसलेल्या. तुम्हाला आमची रीत ऐकून माहीत होती. तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "तू कालच आलीस ना गं, वाडीचं नवं झालं का?"

मी म्हणाले, "झालं, बाई."

सातही जणी जेवल्या. मी दोनदा भात घेतला.

ही बातमी वाडीवर पोचली आणि रविवारी सातही बाप शाळेच्या अंगणात उभे राहिले. बाबांनी माझी वळकटी बांधायला घेतली होती. वाडीतला सगळ्यात वडीलधारा माणूस तुम्हाला म्हणाला, "तुमची मान्सं भाताच्या घासावर बाटली, बाई. आता आमच्या पोरी तशाच बाटवता व्हय?" तुमचा चेहरा पांढराफटक पडला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी खांबाला धरून पायाची बोटं बघत उभी. एक शब्द बोलले असते तर पुरला असता. तुम्ही म्हणालात, "चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं." अहो, विचारलं तर होतंत तुम्ही!

त्यांनी आम्हाला घरी नेलं; दुसऱ्या दिवशी दोन तासांची चढण चढून तुम्ही वाडीवर आलात. देवराईच्या कडेला चपला काढल्यात, आत गेला नाहीत, हातही जोडले नाहीत, नुसती मान खाली घालून उभ्या राहिलात. मग बाबांना म्हणालात, आमच्या चर्चमध्येही पहिलं पीक आधी देवापुढे ठेवतात, मला कळायला पाहिजे होतं. घरी आल्यावर बाबांनी मला वळकटीसकट परत शाळेत धाडायचं ठरवलं. त्या वर्षापासून वाडीवरून निरोप येईपर्यंत बोर्डिंगच्या नव्या तांदळाचं पोतं तुम्ही उसवू दिलं नाहीत.

सातवीनंतर मी निघाले तेव्हा तुम्ही मला तुमचं तांदूळ मोजायचं मापटं दिलंत. तोवर मला वाटत होतं, मी जाणूनबुजून खोटं बोलले हे तुम्हाला कधी कळलंच नाही. मापटं हातात ठेवून तुम्ही म्हणालात, "माझी आजीही मिशनच्या दारात भुकेपोटी एकदा 'हो' म्हणाली होती. पुढे जन्मभर तिनं ते 'हो' खरं करून दाखवलं. तुझ्या 'झालं'चं काय करायचं ते तू बघ." आवाज चढवला नाहीत, केसांवरून हात फिरवलात. एवढ्या प्रेमाने मला कुणीच रागावलं नाही.

शाळा आता बंद आहे, वाडीची पोरं सरकारी आश्रमशाळेत जातात. बाबा गेले. आज कॅन्टीनमधली ती मुलगी आपणहून ताट पुढे करून म्हणाली, नवं झालं, मॅडम. मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि वाढलं.

आई आहे अजून, ऐंशीच्या पुढची. नव्या तांदळाचे दिवस आले की तुमची आठवण काढते. म्हणते, "बाई लई चांगली, पर येकदा चुकली." हे पत्र तिच्यासमोर वाचायला हवं, तिला कुठे वाचता येतं. पण आत्ता ते घडी करून मापट्यात ठेवते आहे. खरं सांगायचं तर बाई, आई तसं म्हणते तेव्हा मी अजूनही मान डोलावते.