जाळीला घासणारी तार

ता. २ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्राबरोबर एक पुडकं येईल. ते आईसाठी आहे. कृपा करून मागचं वाक्य पुन्हा एकदा वाचा.

आत पीठ चाळायची चाळणी आहे, पण हाताने हलवायची नव्हे, फिरवायची. पत्र्याचा उभट डबा, तळाला जाळी, बाजूला हँडल. हँडल फिरवलं की आतली वाकवलेली तार जाळीवरून फिरते आणि पीठ खाली पडतं. दोन वाट्या पीठ एका मिनिटात चाळून झालं पाहिजे, ही मालकांची अट. माझ्या चाळणीला पन्नास सेकंद लागतात.

बाबा, अकरा वर्षं मी या कारखान्यात दुसऱ्यांच्या डब्यांसाठी झाकणांची ड्रॉइंगं करते आहे. पहिल्या रेघेपासून माझी अशी ही पहिलीच वस्तू. बावीस तारखेला मालकांसमोर चाचणी आहे. पास झाली तर नव्या वस्तूंचं टेबल माझं, नाहीतर जन्मभर झाकणं. म्हणून आईने आठवडाभर ती वापरावी आणि तीनच गोष्टी कळवाव्यात: हात दुखतो का, पीठ बाजूने सांडतं का, आणि धुताना जाळीत अडकतं का.

तुम्ही तिला हात लावू नये. माझ्या कंपासपेटीचं झाकण सैल झालं म्हणून तुम्ही दोन रिव्हेट मारलेत आणि भूमितीच्या पेपरला ती पेटी उघडलीच नाही. काकांची छत्री इतकी भक्कम केलीत की ती मिटेना. बिचारे उघडी छत्री घेऊन बसमध्ये चढले. हे सगळं आठवून मगच पुडकं सोडावं.

तुमचा लोभ मला ठाऊक आहे. तो या वेळी पेचकसाशिवाय दाखवावा, एवढीच विनंती.

आपली,
भिंगरी


ता. ७ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पुडकं पोचलं. सुतळी चांगली होती, ठेवून घेतली. माझा गुडघा आहे तसाच आहे. शेजारच्या फाटकाची बिजागरी मी नीट करून दिली. आता फाटक वाजत नाही, त्यामुळे त्यांचा कुत्रा कधी बाहेर येतो ते कळत नाही, आणि पोस्टमनने आमच्या दारापर्यंत यायचं सोडलं आहे. तुझं पुडकं कोपऱ्यावरच्या दुकानातून आणावं लागलं. चांगुलपणाचे दिवस राहिले नाहीत.

चाळणीचे स्क्रू उघडले. रागावू नकोस. चाळीस वर्षं पत्रा ठोकलेल्या माणसासमोर बंद डबा ठेवायचा आणि बघू नका म्हणायचं, हा कुठला न्याय? हँडल खेळण्यातल्यासारखं झालं आहे, मोठ्या माणसाची बोटं त्यात मावत नाहीत. डब्याचा काठ दुमडलेला नाही. धुताना कुणाचं तरी बोट कापेल. हँडल अडकवायचा कान जिथे लावला आहेस तिथे पत्रा पातळ आहे. अकरा वर्षं झाकणं काढून काठ दुमडायचं विसरलीस, याला काय म्हणावं?

आणखी एक. तेच पीठ दहा वेळा चाळलं आणि त्यावरून लोहचुंबक फिरवला. चुंबकाला बारीक काळी पूड चिकटली. तुझी तार जाळीला घासते आहे, आणि झिजून पिठात पडते आहे. तार पोस्टकार्डाच्या जाडीएवढी वर उचल. पूड कागदात बांधून सोबत पाठवली आहे.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच, पण ते काठ दुमडून देत नाहीत.

तुझा,
बाबा


ता. १० जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र टेबलावर उघडलं आणि पुडी ड्रॉइंगवर सांडली. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, हे काय म्हणून. मी म्हटलं, वडिलांचे आशीर्वाद.

बाबा, आता मी काय करू सांगा. तुम्ही स्क्रू उघडलेत. तुम्ही उघडलेली वस्तू तुम्ही कानस न लावता बंद केली, असं आजवर एकदा तरी घडलं आहे का? तार तुम्ही जरा सरळ केली असणार, काठ जरा घासून बघितला असणार, आणि तो कीस पिठात पडला. मग त्यावर चुंबक फिरवून मला दोष द्यायचा. चोराच्या उलट्या बोंबा.

तार वर उचल म्हणता. मी उचलून पाहिली आहे. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी उचलली की पन्नास सेकंदांची दोन मिनिटं होतात आणि गुठळ्या जाळीवरच राहतात. मालक दोन मिनिटं कशासाठीही थांबत नाहीत, जेवणासाठीसुद्धा नाही. तार घासते म्हणूनच ती चाळणी चालते.

मी आईचं मत मागितलं होतं. तिचे तीन शब्द आले असते तर माझं काम झालं असतं. तुमची चार पानं आली आणि मी होते तिथेच आहे. डोक्याला नुसता ताप.

रागात लिहिते आहे. राग गेल्यावर लोभ पाठवीन.

भिंगरी


ता. १४ जून

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तारेला मी हात लावलेला नाही. कानस त्या दिवशी खुंटीवरून काढलीही नव्हती. मी आयुष्यात पुष्कळ वस्तू बिघडवल्या असतील, पण कीस माझा असता तर मी तो ओळखला असता. कानशीचा कीस चमकतो आणि बोटाला टोचतो. ही पूड मऊ आहे, काजळीसारखी. ती झिजेचीच असते.

तुझा विश्वास नाही, ठीक आहे. नाचता येईना अंगण वाकडं. पण ही चाळणी लोकांच्या घरी जाणार. त्यातलं पीठ लहान मुलं खाणार. मी तुझ्या मालकांना एक कार्ड लिहून ठेवलं आहे. अजून पेटीत टाकलं नाही. अठरा तारखेपर्यंत तू स्वतः त्यांना सांगितलं नाहीस, तर टाकीन.

गुडघा दुखतो आहे, तुला त्याचं काय.

बाबा


ता. १६ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ते कार्ड पेटीत पडलं तर मालक ते सगळ्या टेबलांसमोर मोठ्याने वाचतील. मी तेहतीस वर्षांची आहे. माझ्या कामाबद्दल माझे वडील कारखान्यात तक्रार करतात, हे ऐकून मला तिथे पुन्हा पाऊल टाकता येणार नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो हाच.

तुम्हाला पिठाची एवढी काळजी आहे. पोटच्या मुलीच्या नोकरीची थोडी करा. कार्ड टाकलंत तर मी पुन्हा पत्र लिहिणार नाही. याहून जास्त नमस्कार आज जमत नाही.

भिंगरी


ता. १८ जून

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. तुम्ही दोघं लिहिता तेवढं या घराला पुरेसं आहे. पण आता तुमचं हे ऐकून माझ्या नाकी नऊ आले आहेत, म्हणून लिहिते.

पुडकं मी सोडलं. चाळणी पहिले चार दिवस पिठाच्या कपाटात होती, आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. तुझ्या बाबांना ती मी दाखवलीसुद्धा नाही. रोज पाव भाजते, रोज त्यातूनच पीठ चाळलं. हात दुखत नाही, पीठ सांडत नाही, धुवायला सोपी आहे. तुझे तीन प्रश्न झाले.

चौथ्या दिवशी मळलेल्या पिठात मला करडी रेघ दिसली. मी शिवणाच्या डब्यातला चुंबक आणला, टाचण्या गोळा करायचा तो, आणि पिठावरून फिरवला. पूड मला सापडली, त्यांना नाही. मग मी त्यांना दाखवलं, आणि त्यानंतर त्यांनी स्क्रू उघडले.

मी म्हटलं, मीच लिहिते तिला. तर म्हणाले, नको, ज्याने दोष काढला त्याच्यावर ती चिडणार. माझ्यावर चिडायची तिला सवय आहे, तुझ्यावर चिडली तर तिला नंतर वाईट वाटेल. मला ते पटलं नव्हतं, तरी गप्प बसले. ती चूक माझी.

कार्ड मी चुलीत घातलं. ते दोन दिवस घरभर शोधत होते, आज सांगितलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, आणि बागेतला नळ खोलून बसले आहेत. आता आम्हाला पाणी नाही.

मालकांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. तुझं तिकडे काय पणाला लागलं आहे ते मला कळतं. जेवत जा.

आई


ता. २३ जून

ती. बाबा व आई यांस,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र वीस तारखेला मिळालं. त्या दिवशी कारखान्यातला दुसरा नमुना घरी आणला. तो कुणी उघडलेला नव्हता. तेच पीठ बारा वेळा चाळलं आणि चुंबक फिरवला. चुंबकाला मिशी फुटली.

चाचणी काल झाली. टेबलाभोवती माझ्याशिवाय आठजण होते. अठ्ठेचाळीस सेकंद लागले. मालकांनी स्वतः तीनदा हँडल फिरवलं आणि लहान मुलासारखे हसले. सोमवारपासून पत्रा कापायला घ्या म्हणाले, आणि नव्या टेबलाचंही तिथेच बोलले. माझ्या पर्समध्ये चुंबक होता. खरं सांगते, मी गप्प बसायचं ठरवलं होतं. मनाशी म्हटलं, दहा-बारा वेळा तेच पीठ कोण चाळतं, एका वेळी कितीशी पूड पडणार.

मग मालकांनी तो नमुना पॅकिंगमधल्या मावशींच्या हातात दिला आणि घरी वापरून बघा म्हणाले. मावशी खूश झाल्या. नातवंडांची बिस्किटं आता घरीच करते म्हणाल्या. मला ते सहन झालं नाही. मी चुंबक काढला, वाडग्यातल्या पिठातून फिरवला आणि टेबलावर ठेवला.

मालकांनी एकच विचारलं, हे तुला कधीपासून माहीत आहे. तिथे खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, दहा तारखेपासून. मग हा तमाशा कशासाठी मांडलास, असं म्हणून ते उठून गेले.

चाळणी आता शेजारच्या टेबलावरच्या साहेबांकडे गेली. ते तार काढून टाकणार आहेत आणि डबाच हलता करणार आहेत. त्यावर माझं नाव असणार नाही. माझ्याकडे आज सकाळी एक गोल झाकण आलं, नऊ इंची. काठ दुमडला.

बाबा, तुम्ही बरोबर होतात, हे लिहिताना हात अडतो आहे. कानशीबद्दल जे लिहिलं ते मागे घेते, पण फक्त या चाळणीपुरतं. मला तुम्हा दोघांचा राग आलेला आहे आणि माझा त्याहून जास्त. तेरा दिवस मला माहीत होतं. कुणी समजूत घालू नये. लोभ शिल्लक असेल तर तो काही दिवस तिकडेच ठेवावा.

भिंगरी


ता. २८ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या मालकांना मी चार शब्द लिहिणार होतो. तुझ्या आईने घरातली सगळी कार्डं लपवली आहेत आणि हे पत्रही ती समोर बसून लिहवून घेते आहे. ज्या माणसाला हजारो खराब चाळण्या विकण्यापासून वाचवलं, तो माणूस उठून जातो. उंटावरचा शहाणा. नळ सुरू झाला, हे तुझ्या माहितीसाठी.

समजूत घालू नका म्हणालीस, घालत नाही. एक गोष्ट सांगतो.

तू पाचवीत होतीस. त्या वर्षी आम्ही खानावळींसाठी चार-चार लिटरच्या किटल्या केल्या. तोट्या जोडायला कथलाची झाळ मी देत होतो. कथील हलकं आलं होतं. तिसऱ्या दिवशी मला कळलं की किटली तापली की तोटी ढिली होते. मी फोरमनला सांगितलं, दाराआड नेऊन, कुणी ऐकणार नाही असं. तो म्हणाला गप्प बस. मी बसलो. तुझी फी भरायची होती, तुझ्या आईचं ऑपरेशन होतं, कारणं पुष्कळ होती आणि सगळी खरी होती. सहाशे किटल्या बाहेर गेल्या. उकळतं पाणी कुणाच्या अंगावर पडलं का, ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. कुणाकडे गेलो की मी आधी किटलीची तोटी हलवून बघतो आणि तुम्ही सगळे हसता. मीही हसतो.

तू तेरा दिवसांचं लिहितेस. माझी बावीस वर्षं झाली. मला कुणी विचारलं नाही की कधीपासून माहीत आहे, आणि विचारलं असतं तर मी खरं बोललो असतो असं मला वाटत नाही. तू आठजणांसमोर बोललीस.

हे मी तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. तुझं पत्र वाचून झाल्यावर काल सांगितलं. ती म्हणाली, हे पोरीला लिहा. म्हणून लिहिलं.

तुझा लोभ आजवर होता तेवढाच राहावा. त्याहून जास्त मागायला मला तोंड नाही.

तुझा,
बाबा