“आई, तुला कुणी मारलं?”

भोर, मार्गशीर्ष वद्य षष्ठी, दिवेलागणीनंतर

आज दादाने, माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने, आईला पाट फेकून मारला. तव्यावरची भाकरी उलटायला ती वाकली होती, एवढंच. “पिठात विष कालवतेस!” असं ओरडला आणि पाट उचलला. तिचं कपाळ फुटलं. मी मध्ये पडले, तर माझा हात पिरगळला.

दुधाची सखू आली तेव्हा आई पदराने कपाळ दाबून बसली होती.

“काय झालं वो, काकू?”

“मोरीत पाय घसरला गं.”

सखू माझ्याकडे बघत राहिली. मीही मान हलवली. का हलवली?

ती गेल्यावर मी म्हटलं, “आई, त्याला पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवू या. एखाद दिवशी जीव घेईल तुझा.”

“तिथं त्याला भरवील कोण?” एवढंच म्हणाली.

तेवढ्यात दादाच हळद घेऊन आला. अगदी पूर्वीचा, संस्थानच्या शाळेत शिकवायचा तेव्हाचा दादा. हलक्या हाताने त्याने जखमेवर हळद दाबली आणि विचारलं, “आई, तुला कुणी मारलं?”

सोंग नव्हतं ते. डोळे भरले होते त्याचे. कुणी मारलं? कानात अजून तेच घुमतंय.

“कुणी नाही रे, बाळा.”

“घाबरू नकोस, मी आहे ना.”

उठून त्याने दाराला आतून कडी घातली. “आता तो आत यायचा नाही,” म्हणाला आणि आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसला. अजून बसलाय.